बातमी संध्याकाळी वाचली तर काय बिघडतं?

२३ नोव्हेंबर २०१९, शनिवार. त्या सकाळी महाराष्ट्रातल्या घराघरांत पडलेल्या वर्तमानपत्रांचा मथळा होता, उद्धव ठाकरे मुख्यमंत्री होणार. तोच अंक हातात असताना लोकांच्या फोनवर बातमी आली की राजभवनात देवेंद्र फडणवीसांनी मुख्यमंत्रिपदाची आणि अजित पवारांनी उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली आहे. पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी राष्ट्रपती राजवट उठली होती आणि आठच्या सुमारास शपथविधी उरकलाही होता. छापील बातमी दारात पडेपर्यंतच शिळी झाल्याचं इतकं ठळक उदाहरण अलीकडे दुसरं नाही. बातमी फोनवरच वाचली पाहिजे, असं म्हणणाऱ्याला याहून मोठा पुरावा नको.

आता तो सगळा काळ सलग मांडून बघा. विधानसभेचा निकाल २४ ऑक्टोबरला लागला. १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट आली. २३ तारखेला हा सकाळचा शपथविधी. २६ तारखेला सर्वोच्च न्यायालयानं दुसऱ्याच दिवशी बहुमत सिद्ध करायला सांगितलं आणि त्याच दिवशी दोघांचे राजीनामे आले. २८ तारखेला शिवाजी पार्कवर उद्धव ठाकरेंनी शपथ घेतली. पाच आठवड्यांतल्या ठोस घटना एवढ्याच. बाकी दिवसरात्र जे वाहत होतं ते म्हणजे कोणाची गाडी कोणाच्या बंगल्याबाहेर दिसली, कोणते आमदार कोणत्या हॉटेलात हलवले, कोणाचा फोन लागत नाही आणि ‘सूत्रांच्या माहितीनुसार’ रात्री काय होऊ शकतं. त्यातलं पुष्कळसं दुसऱ्या दिवशी खोटं ठरत होतं. ते नाट्य रंगलेलं होतं, हे कोणीही मान्य करेल. पण तासातासाला फोन उघडणाऱ्या माणसाला अखेरीस जे कळलं, तेच आठवड्यातून एकदा नीट लिहिलेला लेख वाचणाऱ्यालाही कळलं. कदाचित त्याला जास्त नीट कळलं, कारण त्याच्या वाचनात अफवा गाळल्या गेल्या होत्या.

त्या पाच आठवड्यांत ताजी बातमी क्षणाक्षणाला हवी होती ती वार्ताहरांना, आमदारांना, पक्षाच्या कार्यकर्त्यांना, कोर्टात उभ्या राहणाऱ्या वकिलांना आणि मंत्रालयातल्या अधिकाऱ्यांना. नागपुरात ताळेबंद जुळवत बसलेल्या हिशेबनिसाला किंवा साताऱ्यात दहावीचा वर्ग घेणाऱ्या शिक्षिकेला त्या बातमीनं त्या तासात काहीही वेगळं करता येणार नव्हतं. तरी त्यांचा तास मात्र गेला.

हा तास कसा जातो, ते समजून घेण्यासारखं आहे. आपण हिशेब मिनिटांत करतो. ‘दोन मिनिटं फक्त हेडलाइन्स बघितल्या,’ असं म्हणतो आणि ते खरंही असतं. पण नुकसान त्या दोन मिनिटांत होत नाही, ते नंतर होतं. व्यवस्थापनशास्त्राच्या संशोधक सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये यावर एक महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध केला. एका कामावरून दुसऱ्या कामाकडे वळल्यावर लोकांचं नेमकं काय होतं, हे त्यांनी प्रयोगातून तपासलं. पहिलं काम अर्धवट राहिलं असेल तर माणूस दुसऱ्या कामाकडे वळला तरी त्याचं थोडं लक्ष पहिल्यातच अडकून राहतं आणि दुसरं काम त्या प्रमाणात वाईट होतं, असं दिसलं. या मागे राहिलेल्या लक्षाला त्यांनी ‘अटेन्शन रेसिड्यू’ म्हटलं. पहिलं काम संपवून, मनातून हातावेगळं करून पुढे गेलं, तरच मन मोकळं होतं.

हे सगळं कचेरीतल्या कामांबद्दल आहे. पण बातमीला लावून बघितलं की मला त्याचं गांभीर्य जास्त जाणवतं. ऑनलाइन बातमी जवळजवळ कधीच पूर्ण नसते. ‘थोड्याच वेळात निर्णय’, ‘आता पुढे काय?’, ‘उद्या सुनावणी’ अशाच वळणावर ती थांबते. म्हणजे अर्धवट गोष्ट मनात घेऊनच आपण पुन्हा हिशेबाच्या वहीकडे किंवा लिहायला घेतलेल्या प्रकरणाकडे वळतो. बोटं कीबोर्डवर आणि डोक्यात सुनावणी. अशा अवस्थेत जोडलेली बेरीज चुकते, वाचलेलं पान पुन्हा वाचावं लागतं आणि लिहिलेलं वाक्य संध्याकाळी खोडावं लागतं.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या ग्लोरिया मार्क गेली दोन दशकं लोक पडद्यासमोर प्रत्यक्षात कसे काम करतात ते मोजत आल्या आहेत. २००४ च्या सुमारास माणूस पडद्यावरच्या एका गोष्टीवर सरासरी अडीच मिनिटं टिकायचा. २०२३ च्या त्यांच्या पुस्तकात हा आकडा ४७ सेकंदांवर आलेला आहे. मोडलेल्या कामाकडे परत यायला सरासरी २३ मिनिटांहून अधिक वेळ जातो, असंही त्यांच्या निरीक्षणात आलं, कारण मधल्या वेळात माणूस आणखी दोन-तीन कामांत शिरलेला असतो. मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते त्यांचं तिसरं निरीक्षण. कामातले जवळपास निम्मे व्यत्यय बाहेरून येतच नाहीत. कोणी हाक मारत नाही, फोन वाजत नाही, आपणच आपलं काम सोडून उठतो. फोनच्या सूचना बंद केल्या की झालं, असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे ध्यानात घ्यावं. सूचना बंद करणं जरूर आहे. २०१५ च्या एका प्रयोगात तर फोनला हातही न लावता नुसती सूचना आल्याचं कळल्यानंही लोकांच्या चुका वाढलेल्या दिसल्या. पण तेवढ्यानं अर्धंच काम होतं. उरलेली अर्धी ओढ आपल्या आत असते आणि तिला मुळासकट समजून घ्यावं लागतं.

मूळ आहे ते बातमीला शेवट नसण्यात. बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ ला निघालं तेव्हा ते पाक्षिक होतं. ‘केसरी’ १८८१ पासून आठवड्यातून एकदा, मंगळवारी निघे, आणि त्या साप्ताहिकाच्या बळावर या प्रांतात लोकमत घडलं. ‘सकाळ’ १९३२ मध्ये सुरू झालं ते दैनिक म्हणून, तरी त्याच्याही अंकाला शेवटचं पान होतंच. रेडिओचं वार्तापत्र ठरलेल्या वेळी सुरू होऊन ठरलेल्या वेळी संपे. १९७२ मध्ये मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि संध्याकाळच्या बातम्या बघायला चाळीतल्या एका घरात सगळे जमू लागले. निवेदकानं नमस्कार केला की मंडळी उठत. बातमी तेव्हाही वाईट असू शकायची. युद्ध, दुष्काळ, भूकंप सगळं असायचं. पण ती यायची, सांगून व्हायची आणि जायची, आणि तिच्यानंतरचा वेळ आपला असायचा.

या जुन्या शिस्तीचं एक टोकाचं उदाहरण लंडनचं आहे. १८ एप्रिल १९३० ला, गुड फ्रायडेच्या संध्याकाळी, बीबीसीच्या निवेदकानं श्रोत्यांना सांगितलं की आज बातमी नाही, आणि उरलेला वेळ पियानो वाजवला गेला. आज हा प्रसंग कौतुकानं सांगतात. पण भारतीय वाचकानं ती तारीख पुन्हा बघावी. त्याच रात्री सूर्य सेन आणि त्यांच्या साथीदारांनी चितगावच्या शस्त्रागारावर हल्ला केला होता आणि शहराची टेलिफोनची व तारेची यंत्रणा तोडून टाकली होती. म्हणजे ‘बातमी नाही’ याचा अर्थ ‘काही घडलं नाही’ असा कधीच नव्हता. बातमी ही कोणीतरी, कुठूनतरी, आपल्या सोयीनं केलेली निवड असते. हे १९३० मध्ये खरं होतं आणि आजही आहे. त्या दिवशी निवडणाऱ्याच्या हातात काही पडलं नाही, म्हणून पियानो वाजला. आज निवडणाऱ्याच्या हातात काही नवं पडलं नाही तरी पडदा भरावाच लागतो, म्हणून सकाळचीच गोष्ट दुपारपर्यंत दहा मथळ्यांनी येते.

हा बदल टप्प्याटप्प्यानं झाला. १ जून १९८० ला अमेरिकेत सीएनएन सुरू झालं आणि चोवीस तास बातम्या देण्याचा प्रघात पडला. पुढे तो आपल्याकडेही आला. २००६ मध्ये ॲझा रास्किन या रचनाकारानं पान कधीच संपणार नाही अशी सरकपट्टीची युक्ती शोधली. वाचक खाली सरकत जातो आणि नवं साहित्य आपोआप येत राहतं. आपल्या या कामाबद्दल रास्किननं पुढे जाहीरपणे खेद व्यक्त केला. शेवटचं पान गेलं म्हणजे ‘आता पुरे’ असं सांगणारी एकमेव खूणच गेली. ती खूण पूर्वी छापखाना देत होता, आता वाचकानं स्वतः द्यायची आहे, आणि थकलेल्या माणसाला ते जमत नाही.

मथळे कसे केले जातात, तेही बघा. मराठी बातम्यांचा कोणताही यूट्यूब चॅनल उघडा. चित्राच्या कोपऱ्यात लाल पट्टीवर ‘मोठी बातमी’, मध्ये कोणाचा तरी रागावलेला चेहरा, त्याच्याभोवती पिवळं वर्तुळ, एक बाण आणि खाली ‘भूकंप’, ‘खळबळ’, ‘हादरा’ यांपैकी एक शब्द. व्हिडिओ आठ मिनिटांचा, त्यातली बातमी वीस सेकंदांची. हे बनवणारी तरुण मुलं वाईट नाहीत. तसं केल्यावर लोक बघतात, हे त्यांच्या समोरच्या आकड्यांत त्यांना रोज दिसतं. अपवर्दी या अमेरिकन संकेतस्थळाचे एक लाखाहून अधिक मथळे आणि त्यांवरचे सुमारे ५७ लाख क्लिक तपासून २०२३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सरासरी लांबीच्या मथळ्यात एक नकारात्मक शब्द वाढला की क्लिकचं प्रमाण २.३ टक्क्यांनी वाढतं, असं त्यात निघालं. हे ऐकायला किरकोळ वाटतं. पण रोज लाखो वाचकांवर जो धंदा चालतो, त्याला प्रत्येक मथळ्यात एक काळा शब्द घालायला एवढं कारण पुरतं.

त्या काळ्या शब्दांचं पुढे वाचकाच्या मनात काय होतं, यावर वेंडी जॉन्स्टन आणि ग्रॅहम डेव्ही या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांचा १९९७ चा प्रयोग मला फार बोलका वाटतो. त्यांनी लोकांना चौदा मिनिटांची वार्तापत्रं दाखवली. काहींना दुःखद बातम्यांची, काहींना साध्या, काहींना चांगल्या. दुःखद बातम्या बघणारे जास्त खिन्न आणि चिंताग्रस्त झाले, यात नवल नाही. पण ते आपल्या घरच्या, खाजगी काळज्याही जास्त भयंकर करून बघू लागले. बातमीत त्या काळज्यांचा उल्लेखही नव्हता. बातमीतली भीती आपल्या कर्जाच्या हप्त्याला, मुलाच्या परीक्षेला, आईच्या दुखण्याला जाऊन चिकटते. १५ एप्रिल २०१३ ला बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले, त्यानंतरच्या पाहणीत याहून धक्कादायक गोष्ट दिसली. स्फोटानंतरच्या आठवड्यात रोज सहा किंवा जास्त तास त्याच्या बातम्या बघत राहिलेल्यांनी जो तीव्र ताण सांगितला, तो प्रत्यक्ष स्फोटाच्या ठिकाणी असलेल्यांपेक्षाही जास्त होता. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत कोरोनाचे आकडे, प्राणवायूच्या टाक्या आणि स्मशानांची दृश्यं आपण दिवसभर बघत होतो, तेव्हा आपलं काय होत होतं याचा विचार मी अजूनही करते. घरात बसून, हात धुऊन, मास्क लावून जे करता येत होतं ते आपण करत होतो. बाकीचे तास आपण फक्त आतून पोखरले जात होतो.

लोकांना हे कळत नाही असं नाही. ऑक्सफर्डच्या रॉयटर्स इन्स्टिट्यूटच्या पाहणीत २०१७ मध्ये २९ टक्के लोक म्हणाले होते की आपण बातम्या कधी कधी किंवा बऱ्याचदा टाळतो. २०२५ मध्ये हे प्रमाण ४० टक्क्यांवर गेलं. मन खराब होतं, फार मारा होतो, ही कारणं लोक सांगतात. स्विस लेखक रोल्फ डोबेली यांनी तर बातम्या पूर्णपणे सोडल्या, २०१० मध्ये त्यावर निबंध लिहिला आणि पुढे पुस्तकही. त्यांचा सल्ला असा की बातम्या बंदच करा आणि त्याऐवजी पुस्तकं व दीर्घ लेख वाचा. दीर्घ वाचनाबद्दल ते म्हणतात ते मला पटतं. बातम्या कायमच्या सोडण्याबद्दलचं मुळीच पटत नाही.

कारण बातमी ही काहींची गरज असते, आणि ती कोणाची कधी गरज असते ते ओळखण्यातच या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. नील पोस्टमन या अमेरिकन अभ्यासकानं १९८५ मध्ये एक साधी कसोटी दिली होती. मिळालेल्या माहितीपैकी किती माहितीवर तुम्ही काही करू शकता? तार आल्यापासून हे प्रमाण बिघडत गेलं, असं त्यांचं म्हणणं होतं. दूरच्या असंख्य गोष्टी कळतात आणि त्यांवर करता काहीच येत नाही. ही कसोटी निफाड तालुक्यात लावून बघू. ८ डिसेंबर २०२३ ला केंद्रानं कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली. लासलगावच्या बाजार समितीत ट्रॅक्टर घेऊन निघालेल्या शेतकऱ्यासाठी ती बातमी त्याच तासाला हवी होती. डिसेंबरात निघतो तो लाल कांदा, उन्हाळ कांद्यासारखा तो चाळीत महिनोन्महिने टिकत नाही. आज लिलावाला न्यायचा की दोन दिवस थांबायचं, किती क्विंटल काढायचा, मजूर सांगायचे की नाही, हे सगळं त्या एका ओळीवर ठरणार होतं. त्या माणसाला मी बातम्यांपासून सुट्टी घ्या असं सांगणार नाही. पण त्याच दिवशी पुण्यात बसून कांद्याच्या बातमीवर चाललेली आरडाओरड तीन चॅनलवर ऐकणाऱ्याला मी जरूर सांगेन. त्यानं ती बातमी संध्याकाळी वाचली असती, आणि शेतकऱ्याची बाजू मांडणारा एक नीट लेख रविवारी वाचला असता, तर त्याचं नागरिकत्व काडीभरही कमी झालं नसतं.

‘बातम्या न वाचणं म्हणजे समाजाकडे पाठ फिरवणं’ हा आक्षेप मी गंभीरपणे घेते. तो घेतला पाहिजेच. पण ज्या पिढीनं मंगळवारच्या ‘केसरी’ची वाट बघितली, ती पिढी समाजाकडे पाठ फिरवून बसली नव्हती. माहिती उशिरा मिळाल्यानं नागरिक निष्क्रिय होत नाही. विचार करायला वेळच न मिळाल्यानं मात्र होतो.

ज्यांना बातम्या परीक्षेसाठी पाठ करायच्या असतात, त्यांचंही उदाहरण घ्या. पुण्यात सदाशिव पेठ, नारायण पेठेतल्या अभ्यासिकांत एमपीएससीची तयारी करणारी हजारो मुलं बसतात. फळीनं वेगळं केलेलं हातभर टेबल, समोर चिकटवलेलं वेळापत्रक, पाण्याची बाटली आणि टेबलावर उलटा ठेवलेला फोन. ‘चालू घडामोडी’ हा त्यांच्या अभ्यासक्रमाचा भाग, म्हणून टेलिग्रामवरचे ग्रुप दिवसभर घडामोडी ओततात आणि प्रत्येकाला वाटतं, एखादी सुटली तर तोच प्रश्न येईल. आयोगाच्या जुन्या प्रश्नपत्रिका काढून बघा. प्रश्न येतो तो मंजूर झालेल्या कायद्यावर, झालेल्या नेमणुकीवर, दिलेल्या पुरस्कारावर, अहवालातल्या क्रमवारीवर. दुपारी तीनच्या ताज्या घडामोडीवर कधीच प्रश्न येत नाही, कारण प्रश्न काढणाऱ्यालाही पक्की माहिती लागते. ती रोज एका वर्तमानपत्रात आणि महिन्याला एका मासिकात बसते. या मुलांना माझं आग्रहाचं सांगणं आहे की एक वर्तमानपत्र कागदावर वाचा, टिपणं काढा आणि ग्रुप म्यूट करा. तुमची वर्षं मोलाची आहेत.

कामाचा स्वभाव ओळखण्याचं एक प्रसिद्ध उदाहरण स्टॅनफर्डच्या डोनाल्ड क्नुथ यांचं आहे. संगणकशास्त्रातल्या या थोर माणसानं १ जानेवारी १९९० पासून ईमेल वापरणं बंद केलं. सगळ्या गोष्टींच्या वर राहणं हे ज्यांचं काम आहे त्यांना ईमेल हवं, माझं काम गोष्टींच्या तळाशी जाण्याचं आहे, अशा अर्थाचं कारण त्यांनी दिलं. १९६२ मध्ये हाती घेतलेला त्यांचा ग्रंथराज अजून चालू आहे. तेव्हा ईमेलचा प्रश्न होता, आज बातम्यांचा आहे. पण विचारण्याचा प्रश्न तोच, आज सकाळी माझं काम कोणतं आहे?

मग किती तोडायचं? इथे एका प्रयोगाचा निष्कर्ष माझ्या मते निर्णायक आहे. २०१९ मध्ये निकोलस फिट्झ आणि सहकाऱ्यांनी २३७ लोकांच्या फोनवर एक ॲप बसवलं. काहींना सूचना नेहमीप्रमाणे येत राहिल्या, काहींना दिवसातून ठरावीक वेळी गठ्ठ्यानं आल्या, काहींना आल्याच नाहीत. दिवसातून तीन वेळा गठ्ठ्यानं सूचना मिळालेल्यांचं लक्ष जास्त टिकलं, काम जास्त झाल्यासारखं त्यांना वाटलं, मनही बरं राहिलं. ज्यांना काहीच मिळालं नाही, त्यांना हे फायदे फारसे झाले नाहीत. उलट काहीतरी सुटतंय ही अस्वस्थता वाढली. म्हणजे पूर्ण उपास बहुतेकांना झेपत नाही आणि दिवसभर चरत राहणं बाधतं. ठरलेल्या वेळी येणारी बातमी झेपते.

ठरलेली वेळ पाळायला एकट्याचा निर्धार कमी पडतो, हे सांगली जिल्ह्यातल्या एका गावानं ओळखलं. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावात २०२२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास ठरलं की रोज संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजेल आणि साडेआठपर्यंत घराघरांतले टीव्ही आणि मोबाइल बंद राहतील. कोरोनाच्या काळात ऑनलाइन शाळेमुळे मुलांच्या हातात फोन आले होते, ते सुटत नव्हते. मोठ्यांचंही तेच झालं होतं. सरपंच विजय मोहिते यांनी महिलांची सभा घेतली, तिथे हे ठरलं. सुरुवातीला पुरुषमंडळी हसली. मग अंगणवाडी सेविका, आशा सेविका, निवृत्त शिक्षक घरोघर जाऊन सांगू लागले. त्या दीड तासात मुलं अभ्यासाला बसू लागली, मोठी माणसं वाचू, बोलू लागली. हा उपक्रम बातम्यांसाठी नव्हता, मुलांसाठी होता. पण त्यातलं शहाणपण इथे तंतोतंत लागू पडतं. वेळ मर्यादित आहे, सगळ्यांना एकच आहे, सुरुवातीची आणि शेवटाची खूण बाहेरून मिळते आणि शेजाऱ्याचाही फोन बंद असल्यानं आपण काही गमावतोय असं वाटत नाही. कचेरीतल्या चार जणांनी, एका खोलीतल्या तीन विद्यार्थ्यांनी, नवरा-बायकोनं असं ठरवलं तर ते एकट्यानं ठरवण्यापेक्षा कितीतरी जास्त टिकतं.

प्रत्यक्षात करायचं ते फार अवघड नाही. बातम्यांची ॲप फोनवरून काढून टाका आणि वाचायचं ते संगणकावर किंवा ई-पेपरवर वाचा. ई-पेपरला निदान शेवटचं पान असतं. फोनच्या पहिल्या पडद्यावर ब्राउझर ठेवू नका. व्हॉट्सॲपचे बातम्या ढकलणारे गट म्यूट करून आर्काइव्हमध्ये टाका. काका रोज पाठवतात, त्यांना वाईट वाटेल ही भीती नको, म्यूट केल्याचं त्यांना कळत नाही. दिवसाचं सर्वांत कठीण काम ज्या वेळेत होतं, बहुतेकांच्या बाबतीत सकाळी, त्याआधी बातमी वाचायची नाही, हा एक नियम मला स्वतःला सगळ्यांत जास्त उपयोगी पडला आहे. संध्याकाळी अर्धा तास ठेवा. आठवड्याला एखादं साप्ताहिक घ्या. साने गुरुजींनी १९४८ मध्ये सुरू केलेलं ‘साधना’ अजून निघतं. पहिले काही दिवस हात आपोआप फोनकडे जाईल. हात गेला की कागदावर लिहा, आत्ता कोणत्या कामाचा कंटाळा आला होता. बातमीची ओढ म्हणून जी वाटते, ती पुष्कळदा समोरच्या कामातल्या कठीण जागेपासूनची पळवाट असते आणि ती जागा एकदा दिसली की तिच्यावर काम करता येतं.

खरी तातडीची गोष्ट चुकेल ही भीती बाळगू नये. पूर, वादळ, दरड अशा धोक्यांसाठी राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची थेट फोनवर इशारा देणारी यंत्रणा आहे. २०२३ मध्ये तिच्या चाचणीचा कर्कश आवाज देशभरातल्या फोनवर वाजला होता. ‘सचेत’ नावाचं त्यांचं ॲपही आहे. हवामान खात्याचा लाल इशारा मुंबई-कोकणात असेल तर तो पाहायलाच हवा आणि तो पाहायला अर्धं मिनिट लागतं. इशारा वेगळा आणि बातमी वेगळी. इशारे चालू ठेवा.

एक गोष्ट मात्र या सुट्टीबरोबर करायची आहे. फुकटच्या क्लिकवर जगणारी बातमीच आपल्याला ओरडून बोलावते, कारण तिचं पोट त्या क्लिकवर आहे. तालुक्याच्या गावी फिरून, कागदपत्रं मिळवून बातमी काढणाऱ्या वार्ताहराला पगार मिळायचा तर कोणीतरी वर्गणी भरली पाहिजे. फोनवरची दहा फुकट ठिकाणं बंद करणाऱ्यानं एका चांगल्या वर्तमानपत्राची किंवा साप्ताहिकाची वर्गणी भरावी. मराठी पत्रकारिता टिकायची असेल तर तिला दिवसभर डोकावणाऱ्यांपेक्षा पैसे देऊन एकदा नीट वाचणारे वाचक हवे आहेत.

तुमच्या हातात एखादं रखडलेलं काम असेल, प्रबंधाचं शेवटचं प्रकरण, दुकानाचे वर्षाचे हिशेब, पूर्वपरीक्षेचा राहिलेला विषय, तर ते पुरं होईपर्यंत तरी हे करून बघा. त्यासाठी महिन्याच्या पहिल्या तारखेची वाट बघू नका. आज रात्री बातम्यांच्या सूचना बंद करा आणि उद्या सकाळी फोन दुसऱ्या खोलीत ठेवून कामाला बसा.